मॉरिस मायनरला डिस्क ब्रेक लावल्यावर: एका चिकटणाऱ्या ब्रेकचा शोध

गाडी 1965 सालची मॉरिस मायनर 1000. दोन दारांची, 1098 सीसी इंजिनाची. मालकीणबाई मूळच्या सांगलीच्या, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये शेफील्डला. त्यांच्या आजोबांकडे बेबी हिंदुस्तान होती. हिंदुस्तान मोटर्सची ही गाडी म्हणजे मायनरच, त्यामुळे इथे आल्यावर ताईंनी मायनर घेतली यात नवल नाही. ती त्या नुसती प्रदर्शनात उभी करत नाहीत, चालवतात. शेफील्डहून पश्चिमेला निघालं की पीक डिस्ट्रिक्टचे चढउतार सुरू होतात आणि कॅसलटनजवळच्या विनॅट्स पासचा उतार तर पाचास एक, काही ठिकाणी त्याहूनही उभा. अशा रस्त्यावर चार ड्रमचे ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून शू, म्हणजे घर्षणाचे वळलेले पट्टे, दाबणारे), सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही आणि हायड्रॉलिकचं, म्हणजे ऑइलचा दाब चाकांपर्यंत नेणारं, सर्किट एकच. डिस्क लावून घ्यावेत असं त्यांना वाटलं ते रास्तच होतं.

मायनरच्या बाबतीत हा बदल फारसा अवघडही नाही. 1971 साली आलेल्या मॉरिस मरिनाचं पुढचं सस्पेन्शन मायनरच्याच घराण्यातलं होतं: तोच टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई), तेच लिव्हर आर्म शॉक अॅब्सॉर्बर. मरिनाला पुढे डिस्क मिळत, त्यामुळे तिच्या धर्तीची डिस्क आणि तिला दोन्हीकडून पॅडनी पकडणारे दोन पिस्टनचे कॅलिपर मायनरला बसवण्याची किट इथे वर्षानुवर्षं मिळतात. ताईंनी असंच एक किट घेतलं आणि एका गॅरेजकडून बसवून घेतलं. डिस्क, कॅलिपर, पॅड, फ्लेक्झिबल होज, ब्रेक ऑइल सगळं नवीन. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलमध्ये दाब तयार करणारा भाग, मात्र जुनाच राहिला. तो गळत नव्हता, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही.

तक्रार पहिल्याच फेरीपासून सुरू झाली. पेडल छान कडक लागायचं, गाडी थांबायची, पण ब्रेक सोडल्यावर ती मोकळी पळत नसे. न्यूट्रलला टाकली की पूर्वी दूरवर घरंगळत जायची, आता लगेच मंदावायची. वीसेक किलोमीटर गेलं की पुढून जळका वास यायचा. गॅरेजने आधी सांगितलं की पॅड नवीन आहेत, बसतील हळूहळू. मग कॅलिपर जाम असतील म्हणून दोन्ही कॅलिपर बदलले. त्यानंतर होज बदलले. फरक शून्य. ताईंनी मला फोन केला तेव्हा पुन्हा ड्रम बसवून टाकावेत या विचारापर्यंत त्या आल्या होत्या.

मी म्हटलं, ताई, आता एकही नवा पार्ट घेऊ नका. आधी दाब कुठे अडकतोय ते बघू.

वाहन उचलण्याआधी

सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता, एक लांब फेरी मारली आणि थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांचं तापमान घेतलं. पुढच्या दोन्ही डिस्क 120 अंश सेल्सियसच्या आसपास, आणि डाव्या-उजव्यात फरक जेमतेम पाचेक अंशांचा. मागचे ड्रम हाताला कोमट.

या एका मोजमापात निम्मा निकाल होता. कॅलिपरचा पिस्टन जाम असता किंवा एखादा होज आतून सुजून बंद झाला असता तर एकच बाजू तापली असती. दोन्ही कॅलिपर एकाच वेळी आणि एकाच मापाने जाम होणं व्यवहारात घडत नाही. दोन्ही बाजू सारख्या तापत असतील तर दोष दोघांच्या मुळाशी, म्हणजे मास्टर सिलिंडरकडे शोधायला हवा. कॅलिपर आणि होजवर खर्च झालेले पैसे दहा मिनिटांच्या या तपासणीने वाचले असते, याची मला खरंच हळहळ वाटते.

दुसरी गोष्ट ताईंनीच सांगितली आणि ती फार मोलाची होती: सकाळी गार गाडीतही, पहिल्यांदा ब्रेक दाबून सोडला की लगेच चिकटल्यासारखं वाटतं. पुढे ते फारसं वाढत नाही आणि कमीही होत नाही. ब्रेक चिकटण्याचे दोन मोठे प्रकार असतात. एकात गाडी गार असताना सगळं ठीक चालतं, तापत गेली की पेडल वर येतं, कडक होतं, शेवटी चाकं धरली जातात आणि अर्धा तास थांबलं की सुटतात. तिथे मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलं गेलेलं असतं. बहुतेक वेळा पुशरॉडला (पेडलकडून पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याला) मोकळीक नसते, त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परत जायला वाट उरत नाही. दुसऱ्या प्रकारात पहिल्या दाबापासूनच ठरावीक, कायमची ओढ असते. ताईंचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराचं होतं.

एकेक सांधा सैल करत

गाडीचं पुढचं टोक उचलून स्टँडवर घेतलं. ब्रेक दाबून सोडला आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरत होतं, पण दोन्ही हात लावून, घासत. मग कॅलिपरचं ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी) पाव फेरा उघडलं. ऑइलची एक छोटी चिळकांडी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळं झालं. म्हणजे पिस्टन जाम नव्हता, त्याच्यामागे दाब कोंडला होता. पिस्टन जाम असता तर निपल उघडूनही चाक सुटलं नसतं.

निपल बंद केलं, पुन्हा ब्रेक दाबून सोडला, चाक पुन्हा धरलं गेलं. आता होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपला जोडणारा युनियन नट थोडा सैल केला. चाक सुटलं. म्हणजे होजही निर्दोष. तो आतून बंद असता तर त्याच्या वरच्या बाजूला नट सैल करून कॅलिपरमधला दाब उतरला नसता.

मग गाडीच्या पोटात. मायनरचा मास्टर सिलिंडर इंजिनापाशी नसतो. ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिसच्या पत्र्याच्या खोबणीत तो आडवा पडलेला असतो, आणि त्यात ऑइल भरायचं तर कार्पेट उचलून जमिनीतलं झाकण काढावं लागतं. पुशरॉडची मोकळीक तपासली, होती. खात्रीसाठी ती मुद्दाम आणखी वाढवून पाहिली, तरी चाक सुटलं नाही. टाकीचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात बघत ताईंना पेडल अगदी हलकं, अंगठ्याने ढकलल्यासारखं दाबायला सांगितलं. ऑइलच्या पृष्ठभागावर छोटासा उसळा आला. म्हणजे परतीचं भोक उघडं होतं. पहिला प्रकार इथे निकालात निघाला. शेवटी मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी असलेला पाइप सैल केला आणि दोन्ही चाकं एकदम मोकळी झाली.

परतीचं भोक उघडं आहे, टाकीपर्यंत वाट आहे, तरी सिलिंडरच्या बाहेर पडल्यापाशी दाब अडकतोय. अशी जागा एकच: सिलिंडरच्या बुडाशी बसणारा चेक व्हॉल्व्ह.

(ही तपासणी कुणी करणार असेल तर डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि पाण्याची बादली शेजारी ठेवावी. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.)

ड्रमला जे हवं, ते डिस्कला नको

हा व्हॉल्व्ह कुणी चुकून बसवलेला नाही. ड्रम ब्रेकमध्ये तो हवा असतो. पेडल सुटल्यावर पाइपमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवायचा, साधारण 8 ते 10 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), हे त्याचं काम. त्या दाबाने व्हील सिलिंडरमधल्या रबरी कपांच्या कडा भिंतीला टेकून राहतात आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. शू परत ओढायला ड्रममध्ये दणकट स्प्रिंगा असतात. त्यांच्यापुढे हा उरलेला दाब काहीच नाही, शू निमूट मागे येतात.

डिस्कच्या कॅलिपरमध्ये पॅड मागे ओढायला अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला थोडासा मागे घेते. हे मागे घेणं मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांचं. त्या नाजूक हालचालीविरुद्ध 8–10 पीएसआय दाब कायम उभा केला तर रिंग हरणारच.

ताईंना हे पटावं म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. कॅलिपरचा पिस्टन साधारण 50 मिमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटिमीटर. शिल्लक दाब सरासरी 0.6 किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरला तर प्रत्येक पॅड डिस्कवर बारा किलोच्या आसपास जोराने दाबलेलं राहतं, आणि एका चाकाला असे दोन पॅड. घर्षणांक 0.35 धरून ताशी 80 किलोमीटर वेगाला एका चाकात तयार होणारी उष्णता निघते सुमारे 600 वॅट. म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांत एकेक कपड्यांची इस्त्री चालू ठेवून गाडी चालवल्यासारखं. 120 अंशांचं कोडं तिथे सुटलं.

हा मामला पेट्रोल जास्त खाण्यापुरता नव्हता. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी किमान मर्यादा 155 अंशांची आहे. आधीच 120 अंशांवर असलेल्या डिस्क घेऊन विनॅट्स पास उतरायला लागलं तर कॅलिपरमधलं ऑइल उकळायला फार वेळ लागणार नाही. उकळलं की वाफ झाली, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ जमिनीला. सर्किट एकच असल्याने मागचे ड्रमही त्याच वेळी गेले. हातात उरतो फक्त हँडब्रेक. मी ताईंना हे स्पष्ट सांगितलं आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढू दिली नाही.

मास्टर सिलिंडर बाहेर काढणं

वेळ सगळ्यात जास्त गेला तो इथे. सिलिंडर चॅसिसला दोन लांब बोल्टांनी धरलेला असतो आणि शेजारून टॉर्शन बार जातो. बोल्ट सैल होतो, पण बाहेर ओढायला गेलं की बार आडवा येतो. टॉर्शन बार म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन पेलणारी पिळलेली स्प्रिंग, त्यात साठलेली ताकद हात मोडायला पुरेशी आहे. म्हणून खालच्या आर्मला जॅकचा भक्कम आधार देऊन, पीळ सावकाश उतरवून मगच बार बाजूला घेतला. घाई करण्याची ही जागा नव्हे. परत बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घातले, म्हणजे पुढच्या वेळी ते बारला न अडता निघतील. मायनरवाले जुने लोक हे आवर्जून करतात आणि प्रत्येकाने करावं.

सिलिंडर बाकावर उघडला. सर्क्लिप, पिस्टन, पातळ वॉशर, मुख्य कप, लांब स्प्रिंग आणि तळाशी तो व्हॉल्व्ह: भोकं असलेलं धातूचं लहान टोपण, त्यात रबरी कप, खाली रबरी बैठक. कप शाबूत होता, अगदी नेमून दिलेलं काम करत होता. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या आराखड्यात तसूभर खोट नव्हती, फक्त पुढचं टोक बदललं होतं. आम्ही रबरी कप काढून टाकला आणि धातूचं टोपण स्प्रिंगला टेकू म्हणून ठेवलं. टोपणाच्या भोकांतून आता ऑइल दोन्ही दिशांनी मोकळं जाऊ शकत होतं. बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे नव्हते, तरी मुख्य कप आणि बाकीचे रबर नवे घातले, कारण एवढ्या खटाटोपानंतर तीच जुनी रबरं परत घालणं मनाला पटत नाही.

प्रश्न मागच्या ड्रमचा होता, कारण त्यांना तो शिल्लक दाब हवा असतो. मागचे व्हील सिलिंडर नुकतेच बदललेले होते, कप घट्ट होते, म्हणून व्हॉल्व्हशिवाय चालवून पाहायचं ठरलं. मागे हवा शिरू लागली असती तर फक्त मागच्या लाइनमध्ये 10 पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह बसवता आला असता. आतापर्यंत तशी वेळ आलेली नाही.

ताजं ऑइल भरलं, एअर काढली, मागचे शू ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने नीट अॅडजस्ट केले. ब्रेक दाबून सोडला. पुढचं चाक एका बोटाने फिरलं.

आणि मग पेडल खोल गेलं

फेरीवर निघालो. गाडी मोकळी पळत होती, वास नाही, डिस्क जेमतेम कोमट. पण पहिल्या वळणानंतर ब्रेक दाबला तर पेडल आधीपेक्षा पुष्कळ खाली गेलं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर, कडक. ताई साहजिकच घाबरल्या. पहिला संशय कुणाचाही एअरवर जाईल. परत येऊन पुन्हा एअर काढली, एक बुडबुडा नाही. ब्लीड निपल दोन्ही कॅलिपरवर वरच्या बाजूलाच होती. कॅलिपर डावे-उजवे उलटे बसले की ती खाली येतात आणि एअर कधीच पूर्ण निघत नाही, पण इथे तसं नव्हतं.

लक्षण नीट पाहिलं तर फरक दिसत होता. एअर असली की उभ्या गाडीतही पेडल स्पंजासारखं लागतं. इथे उभ्या गाडीत पेडल पहिल्या दाबालाच कडक होतं, आणि काही शे मीटर चालवलं की मगच पहिला दाब खोल जात होता. म्हणजे गाडी चालताना काहीतरी पॅडना मागे ढकलत होतं.

डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) लावून डिस्क फिरवली. कडेजवळ डावीकडे 0.30 मिमी, उजवीकडे 0.20 मिमी लचक, म्हणजे फिरताना डिस्कचं डुलणं. 0.10 च्या वर असली तर मी ती सोडत नाही. डिस्क काढल्या तर कारण समोरच होतं: किट बसवण्याआधी हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) छान काळे रंगवले होते, डिस्क जिथे टेकते त्या तोंडावरही रंग होता आणि रंगाखाली गंजाचे खवले तसेच होते. हबचं तोंड लहान, डिस्कची कड त्याच्या दुप्पट त्रिज्येवर. तोंडावर एका बाजूला दशांश मिलिमीटरचा थर असला की कडेला त्याची दुप्पट लचक होते.

कॅलिपर जागेवर पक्का, पिस्टन दोन्हीकडून. अशा कॅलिपरमध्ये डिस्क डुलली की ती दोन्ही पॅडना आळीपाळीने मागे सारते. दोन्ही चाकांची लचक मिळून अर्धा मिलिमीटर, म्हणजे पिस्टन परत जागेवर आणायला जवळजवळ एक घनसेंटिमीटर ऑइल लागतं. मायनरच्या मास्टर सिलिंडरचा बोअर 7/8 इंच. एवढं ऑइल ढकलायला त्याचा पिस्टन अडीच मिलिमीटर पुढे जावा लागतो, आणि पेडलच्या तरफेने ते चार-पाच पट होऊन पायाखाली सेंटिमीटरभर जाणवतं. ताईंच्या पायाला जाणवत होतं ते बरोबर एवढंच होतं.

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट इथे आहे. ही लचक पहिल्या दिवसापासून होती. पण चेक व्हॉल्व्हने शिल्लक ठेवलेला दाब पॅडना सतत डिस्कवर चिकटवून ठेवत होता, त्यामुळे पॅड मागे जाऊच शकत नव्हते. पहिल्या दोषाने दुसरा झाकला होता. कडक पेडल हे सुरुवातीला चांगलं लक्षण वाटलं होतं, ते खरं तर दोन दोषांची बेरीज होती. व्हॉल्व्ह काढून पेडल खोल गेलं तेव्हा घाबरून कप परत घातला असता, तर गाडी पुन्हा तापत फिरली असती आणि सगळ्यांना वाटलं असतं की डिस्क या गाडीला मानवत नाहीत.

हबची तोंडं वायर ब्रश आणि बारीक एमरीने धातूपर्यंत साफ केली, डिस्कची मागची बाजूही. बसवून मोजलं: दोन्हीकडे 0.05 च्या आत. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळले. आता चालत्या गाडीतही पहिल्याच दाबाला पेडल वरच्या वर धरतं.

एमओटीच्या रोलरवर

ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरच्या, मुळातून न बदललेल्या गाड्यांना मे 2018 पासून एमओटी या वार्षिक वाहन तपासणीची सक्ती नाही. तरी ब्रेकचं काम झाल्यावर ती स्वखुशीने करून घ्यावी असा माझा आग्रह असतो, कारण रोलरवर प्रत्येक चाकाचा जोर वेगळा दिसतो. पुढच्या दोन चाकांत 30 टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर गाडी नापास होते. इथे पुढची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आली, मागची थोडी कमी, आणि तशीच हवीत: मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवला. तो न कळवता गाडी चालवणं म्हणजे अपघातानंतर भांडण ओढवून घेणं.

एक गोष्ट ताईंना आधी कुणी सांगितली नव्हती ती मी सांगितली: पाय पूर्वीपेक्षा जास्त जोराने दाबावा लागेल. मायनरच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग असतात, चाक फिरतानाच ती स्वतःला ड्रममध्ये ओढून घेतात आणि चालकाची मेहनत कमी होते. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. डिस्कचा फायदा वेगळा आहे: लांब उतारावर जोर टिकतो, ओलं झालं तरी लवकर सावरतं, दोन्ही बाजू सारख्या धरतात. पाय हलका हवा असेल तर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा वेगळा सर्वो बसवता येतो. ताईंनी काही आठवडे चालवून पाहिलं आणि सर्वो नको म्हणाल्या. त्याऐवजी थंड असतानाही नीट धरणारे थोडे मऊ पॅड घातले.

ड्रम, बॅकप्लेट, जुनी व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरमधला तो रबरी कप चिठ्ठ्या लावून एका खोक्यात ठेवले आहेत. एक काम अजून शिल्लक आहे: सर्किट अजूनही एकच आहे, आणि कुठेही एक पाइप गेला तर चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवण्याचं काम येत्या हिवाळ्यात, गाडी तशीही उभी असताना घेणार आहोत. तोवर ताई दर रविवारी कार्पेट उचलून ऑइलची पातळी बघतात आणि वहीत लिहून ठेवतात.